जीपमागे जॅझ

मराठीत या कामाला एक झकास शब्द आहे : टोचन. ‘टो-चेन’चं गॅरेजवाल्यांच्या आणि ट्रकवाल्यांच्या तोंडी घासून गुळगुळीत झालेलं रूप असावं. गाडी बंद पडली की ती ‘टोचन करून’ आणायची. या शब्दात अंतरही गृहीत धरलेलं असतं. घाटाच्या पायथ्यापासून गॅरेजपर्यंत, फार तर शेजारच्या तालुक्यापर्यंत. त्यामुळे न्यू जर्सीतल्या एडिसनहून भाच्याचा फोन आला आणि “मामा, जीपमागे जॅझ टोचन करून कॅलिफोर्नियाला नेली तर?” असं त्याने विचारलं, तेव्हा मी आधी हसलो आणि मग अंतर विचारलं. साडेचार हजार किलोमीटरांहून थोडं जास्तच.

त्याची अडचण खरी होती. नवी नोकरी फ्रिमाँटला. बायको आधीच विमानाने जाऊन रुजू झालेली. मागे उरल्या दोन गाड्या आणि चालवणारा एक. पहिली गाडी चार दारांची जीप रँग्लर, हौसेने दोन इंच उचललेली आणि जाडजूड खाचांचे टायर घातलेली. दुसरी होंडा फिट, जी आपल्याकडे जॅझ नावाने विकली जायची आणि घरात अजून त्याच नावाने ओळखली जाते. डोंगर चढणारी धिप्पाड गाडी दारात असताना तिच्यामागे एक चिमुकली हॅचबॅक बांधायला कसली आली अडचण, असं त्याला वाटत होतं. मलाही पहिली पाच मिनिटं तसंच वाटलं. नंतर मात्र या प्रश्नाचे इतके पदर निघाले, की ते एकदा सलग मांडावेत असं ठरवलं.

सुरुवात ताकदीपासून, कारण सगळ्यांचा पहिला गैरसमज तिथेच असतो. 2016 मध्ये लँड रोव्हरने स्वित्झर्लंडमध्ये आपल्या डिस्कव्हरी स्पोर्ट गाडीकडून आगगाडीचे तीन डबे ओढवून दाखवले. वजन शंभर टनांवर, अंतर दहा किलोमीटर. त्याआधी 2012 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये एन्डेव्हर हे अंतराळयान संग्रहालयात नेताना हमरस्त्यावरचा एक पूल ओलांडण्यापुरतं टोयोटाच्या टुंड्रा या पिकअपने ओढलं होतं. जाहिरात म्हणून दोन्ही दृश्यं भारी होती. पण त्या डिस्कव्हरी स्पोर्टला रस्त्यावर ओढायची अधिकृत परवानगी होती अवघी 2,500 किलोंची. शंभर टन कुठे आणि अडीच टन कुठे!

यात लबाडी काही नाही. सपाटीवर, हळू वेगात, चाकांवरची वस्तू ओढायला ताकद फारशी लागतच नाही. डांबरी रस्त्यावर टायरचा अडथळा वजनाच्या साधारण एक-सव्वा टक्का असतो. म्हणजे 1,150 किलोंची जॅझ सपाटीवर सरकत ठेवायला तेरा-चौदा किलोंचा जोर पुरतो. आपण सोसायटीच्या आवारात बंद गाडी एकट्याने ढकलतो ती याच हिशेबावर. रुळावरच्या पोलादी चाकाचा अडथळा त्याहूनही कितीतरी कमी, म्हणून तर आगगाडीच्या डब्यांचा तमाशा जमतो. मात्र रस्ता सहा टक्क्यांनी चढू लागला की त्याच जॅझला आणखी सत्तर किलोंचा जोर हवा. वेग वाढला की वारा अडवायला येतो. आणि चढण संपून उतार लागला की सगळं गणित उलटं होतं. आता ओढायचं नसतं, मागून येणाऱ्याला आवरायचं असतं.

इंटरस्टेट 70 हा रस्ता डेन्व्हरहून पश्चिमेला रॉकी पर्वतात शिरतो. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून 1,609 मीटरवर आणि तिथून शंभरेक किलोमीटरवरचा आयझेनहॉवर बोगदा 3,401 मीटरवर. खोपोलीहून लोणावळ्याला चढतो तसे तीन बोरघाट एकावर एक रचले, तर एवढी चढण होईल. वाटेत सहा-सात टक्क्यांचे सलग उतार आहेत आणि ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी रस्त्याकडेला वाळू-खडीचे चढते फाटे काढून ठेवलेत. भाच्याला डेन्व्हरच्या मित्राकडे मुक्काम करायचा होता, म्हणजे हाच रस्ता. त्याचा सगळा लवाजमा भरून साधारण 3,700 किलो. एवढं वजन हजार मीटर खाली उतरतं तेव्हा जी ऊर्जा कुठेतरी घालवावी लागते, तिच्यात 115 लिटरांच्या वर पाणी घरातल्या तापमानापासून उकळीपर्यंत येईल. वारा आणि टायर त्यातला काही वाटा उचलतात, खालचा गिअर टाकला तर इंजिन बराच उचलतं, उरलेली सगळी ब्रेकच्या चार तबकड्यांत जाते. पाय सतत ब्रेकवर ठेवून उतरणाऱ्याच्या तबकड्या लाल होतात आणि शेवटच्या वळणावर पेडल नुसतं आत जातं.

चढताना वेगळीच कुचंबणा. विरळ हवेत साधं, टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं. बोगद्याच्या तोंडाशी पोचेपर्यंत एक तृतीयांश घोडे वाटेतच गळालेले असतात. नेमकं तेव्हाच गिअरबॉक्सचं तेल तापतं. पश्चिमेकडच्या वाळवंटातल्या चढणींवर तर ‘एसी बंद करा’ अशा सरकारी पाट्याच आहेत. त्या पाट्या रिकाम्या गाड्यांसाठीही आहेत. मागे लेंढार बांधलेल्याने त्या दोनदा वाचाव्यात.

आता जीपकडे येऊ. भाच्याला सगळ्यात जास्त धक्का इथे बसला. रँग्लरच्या दोन-दारी गाडीची ओढायची मर्यादा वर्षानुवर्षं 2,000 पौंड, म्हणजे 907 किलो राहिली. चार-दारीची 3,500 पौंड, म्हणजे 1,588 किलो. (2024 पासून चार-दारीच्या रुबिकॉन या प्रकाराला मागचा आस जास्त भक्कम देऊन ती 5,000 पौंडांवर नेली.) यातला 3,500 पौंड हा आकडा ओळखीचा वाटला म्हणून शोधलं. टोयोटा सिएनाची मर्यादाही तेवढीच! शनिवारी पोरांना मराठी शाळेला आणि परतताना पटेल ब्रदर्सच्या देशी किराणा दुकानात नेणारी ती सरकत्या दारांची मिनीव्हॅन आणि दगडधोंडे तुडवणारी जीप, ओढण्याच्या कामात एकाच पायरीवर.

याचं कारण जीपच्या गुणांतच आहे. खडकांवरून जाताना चाकं भरपूर वरखाली व्हावीत म्हणून स्प्रिंग मऊ आणि लांब चालीचे. वळणावळणांतून निघता यावं म्हणून पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर कमी. दोन-दारीत ते जेमतेम 2.46 मीटर. पोट दगडाला लागू नये म्हणून गाडी उंच, त्यामुळे तिचा गुरुत्वमध्यही उंच. टायरच्या खाचा खोल, त्यामुळे रबराचे ठोकळे डांबरावर वळवळतात. यातली प्रत्येक गोष्ट डोंगरात आशीर्वाद आणि हायवेवर मागे टन-दीड टन बांधल्यावर शाप. मागचं वजन डोलायला लागलं की ते पुढच्या गाडीचं शेपूट डावी-उजवीकडे ढकलतं. पुढची गाडी लांब आणि ताठ असेल तर ती बधत नाही, आखूड आणि मऊ असेल तर तीही नाचू लागते.

त्यात भाच्याने गाडी उचललेली. टायर दोन इंचांनी मोठे झाले की गिअर आपोआप सहा-सात टक्क्यांनी ‘लांब’ होतात, चढणीवर इंजिन दमतं, आणि त्याच मापाने ब्रेकलाही जास्त कष्ट पडतात. शिवाय मागचा जोडणीचा गोळा उंच जातो. मागच्या गाडीकडून येणारी दांडी साधारण आडवी हवी, फार तर तीन इंचांचा फरक. ती वर चढत गेली, तर जोरात ब्रेक मारताच मागची गाडी पुढच्या गाडीच्या बुडाखाली घुसू बघते. त्यावर खाली उतरणारा जोडतुकडा मिळतो, तो स्वस्त असतो, आणि नव्वद टक्के हौशी लोक तो लावायचं विसरतात. हा टक्का माझ्या अंदाजाचा. गाड्यांच्या मागे वाकून बघायची सवय आहे, एवढंच त्याला प्रमाण.

याचा अर्थ सगळ्याच फोर-बाय-फोर ओढायला नालायक, असा अजिबात नाही. लँड क्रूझरची 200 मालिका अमेरिकेत 8,100 पौंड ओढायची, ऑस्ट्रेलियात 3,500 किलो. लँड रोव्हरचा जुना डिफेंडर, अगदी आखूड ‘नाइन्टी’सुद्धा, ब्रेकवाला ट्रेलर असेल तर युरोपात 3,500 किलोंना मान्य होता. शेतकऱ्याला घोड्यांचा ट्रेलर, मेंढ्या, चाऱ्याचे भारे ओढता यावेत यासाठीच 1948 मध्ये तिची पूर्वज जन्माला आली होती. जीपचा वंश वेगळा. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिज जीपला मागे 450 किलोच ओढायचे होते. छोटी तोफ नाही तर दारूगोळ्याचा ट्रेलर. दोन्ही घराण्यांच्या गाड्या लांबून सारख्याच चौकोनी दिसतात, म्हणून घोटाळा होतो. गाडीचा अवतार बघून काही ठरवू नये. दाराच्या चौकटीवरची पट्टी आणि मालकाची पुस्तिका, हेच खरं.

आकड्यांत आणखी एक मेख आहे. तीच गाडी युरोपात जास्त ओढते आणि अमेरिकेत कमी, असं पुष्कळदा दिसतं. युरोपात ट्रेलरवाल्यांचा वेग बांधलेला असतो आणि दांडीवरचा भार ट्रेलरच्या वजनाच्या थोड्याच टक्क्यांवर ठेवतात. अमेरिकेत हा भार दहा ते पंधरा टक्के ठेवायची रीत आहे. मग मागचा आस लवकर भरतो आणि मर्यादा खाली येते. एका देशातला आकडा घेऊन दुसऱ्या देशात भांडणारे लोक हे विसरतात.

दांडीवरचा भार का हवा, हे बैलगाडी हाकलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. मागे जास्त माल भरला की गाडी ‘उलाळ’ होते, जू बैलांच्या मानेवरून उचललं जातं आणि बैलांचं गाडीवर काही चालत नाही. म्हणून जाणता गाडीवान पोती किंचित पुढे सरकवून लावतो. ट्रेलरचं तंतोतंत तेच. वजन आसाच्या पुढे जास्त असेल तर तो शहाण्यासारखा मागे येतो, मागे जास्त असेल तर ठरावीक वेगानंतर सापासारखा वळवळू लागतो. आणि ही वळवळ स्वतःच स्वतःला वाढवत नेते. सरकत्या पट्ट्यावर खेळण्यातली गाडी आणि ट्रेलर चालवून, वजन पुढे-मागे करून हे दाखवणारा प्रयोग पुष्कळांनी पाहिला असेल. जॅझसारख्या गाडीचं इंजिन पुढे असतं, म्हणून ती ट्रेलरवर तोंड पुढे करूनच चढवायची. उतरवताना सोपं जाईल म्हणून उलटी चढवणारे असतात. त्यांचा ट्रेलर तासाला सत्तर किलोमीटरपर्यंत अगदी गुणी वागतो.

वळवळ सुरू झाली तर काय करायचं? ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि वेग आपोआप उतरू द्यायचा. ट्रेलरचे ब्रेक वेगळे लावता येत असतील तर फक्त ते लावायचे. हाताला सुचतं ते नेमकं उलटं असतं : कचकन ब्रेक नाही तर उलटसुलट स्टिअरिंग.

एवढा वेळ पुढच्या गाडीचं झालं. पण मला विचाराल, तर या सगळ्या प्रश्नातला रसाळ भाग मागच्या गाडीचा आहे. ती ओढली जाते म्हणजे नुसती बसून असते, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तिच्या पोटात बरंच काही चालू असतं.

गाडी नेण्याच्या तीन तऱ्हा. एक, चारही चाकं रस्त्यावर ठेवून पुढे त्रिकोणी दांडी जोडायची. दोन, पुढची दोन चाकं छोट्या दुचाकी गाड्यावर चढवायची आणि मागची दोन रस्त्यावर सोडायची. याला डॉली म्हणतात. तीन, अख्खी गाडीच ट्रेलरवर. तिसऱ्या तऱ्हेत मागच्या गाडीला काहीच होत नाही, पण ट्रेलरचं स्वतःचं वजन आपल्या डोक्यावर बसतं. अमेरिकेत घरं हलवणाऱ्यांना ट्रेलर भाड्याने देणारी यू-हॉल कंपनी 1945 पासून आहे. तिचा मोटार वाहून नेणारा ट्रेलर रिकामाच 2,210 पौंडांचा, म्हणजे टनभर. त्यावर 1,150 किलोंची जॅझ ठेवली की झाले 2,150 किलोंच्या आसपास. जीपची मर्यादा 1,588 किलो. हा पर्याय तिथेच बाद.

पहिली तऱ्हा सगळ्यात हलकी, आणि लहरीही. मॅन्युअल गिअरची, पुढच्या चाकांनी चालणारी गाडी असेल तर सहसा न्यूट्रलमध्ये खुशाल ओढता येते. चाकं फिरली की गिअरबॉक्समधला मोठा चक्राकार गिअर तेलातून फिरत ते चहूकडे उडवतो, आणि सगळ्यांना स्नान घडतं. ऑटोमॅटिकमध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनाच्या बाजूने चालतो. इंजिन बंद म्हणजे पंप बंद. पण चाकं फिरतात म्हणून आतले दांडे आणि क्लचच्या तबकड्या कोरड्याच फिरत राहतात. वीस-पंचवीस किलोमीटर कदाचित निभावतं, चार हजार किलोमीटरांनंतर आत फक्त काळी पेस्ट सापडेल. पट्टा आणि पुली असलेल्या सीव्हीटीचं तर आणखी नाजूक. पुष्कळ मागच्या चाकांच्या मॅन्युअल गाड्यांतही न्यूट्रलमध्ये तेल उडवणारा खालचा दांडा थांबलेला असतो, त्यामुळे ‘मॅन्युअल आहे ना, मग चालतंय’ हे सरसकट खरं नाही.

अमेरिकेत भल्यामोठ्या मोटरहोममागे छोटी गाडी बांधून महिनोन्‌महिने फिरणाऱ्या निवृत्त जोडप्यांचं एक वेगळंच जग आहे. ते मागच्या गाडीला ‘डिंगी’ म्हणतात, म्हणजे शिडाच्या जहाजामागे बांधलेली होडी. टिंगलीत ‘टोड’, म्हणजे बेडूक, कारण इंग्रजीत ‘ओढलेली’ हा शब्दही तसाच ऐकू येतो. कुठली गाडी चार चाकांवर ओढता येते याच्या वार्षिक याद्या तिथे छापल्या जात. सॅटर्न या ब्रँडच्या गाड्या त्या जगात लाडक्या होत्या. कंपनी 2010 मध्ये बंद झाली, तरी गाड्या पुढे कितीतरी वर्षं मोटरहोममागे पळत होत्या. होंडाची सीआर-व्ही 2014 पर्यंत चालायची. तिची रीत मात्र सोवळ्याची : इंजिन सुरू करून गिअर फिरवून घ्यायचे, न्यूट्रलमध्ये तीन मिनिटं चालू ठेवायचं, मग बंद, आणि दर आठ तासांनी हे पुन्हा. 2015 मध्ये तिला सीव्हीटी आला आणि ती यादीतून गेली. भाच्याची फिट ऑटोमॅटिक, म्हणजे हाही पर्याय बाद.

आणि या जगात मागे बांधायला सगळ्यात लोकप्रिय गाड्यांपैकी एक कुठली? जीप रँग्लर! तिच्या गिअरबॉक्समागे चारही चाकांना ताकद वाटून देणारी आणखी एक पेटी असते, ट्रान्सफर केस. ती न्यूट्रलला टाकली की चाकांचा आणि गिअरबॉक्सचा संबंधच तुटतो. मग ओढा खुशाल देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. म्हणजे भाच्याच्या दारात ओढून घ्यायला आदर्श गाडी उभी होती. फक्त तिला ओढायला जॅझ होती.

न्यूट्रलला टाकायला विसरलं तर काय होतं, याचाही नमुना आहे. अमेरिकेत काही वर्षांपूर्वी मोटरहोममागे ओढल्या जाणाऱ्या एका मॅन्युअल रँग्लर रुबिकॉनची ट्रान्सफर केस चुकून ‘लो’मध्ये आणि गिअर पहिल्यात राहिला. तिथे सगळ्या दातांचा गुणाकार 84 होतो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे 84 फेरे. हायवेच्या वेगाला हिशेब मिनिटाला चाळीस हजार फेऱ्यांच्या वर जातो. इंजिन त्याआधीच फुटलं.

चार चाकांवर ओढताना आणखी बारीक गोष्टी असतात. स्टिअरिंगचं कुलूप उघडं हवं, म्हणून किल्ली अर्धी फिरवून ठेवायची, मग बॅटरी उतरते. जुन्या तारेच्या मीटरवर ओढलेलं अंतरही मोजलं जातं. पुढच्या गाडीचे दिवे आणि इंडिकेटर मागच्या गाडीवर उमटवायचे तर तारांत डायोड लागतात, नाहीतर वीज उलटी शिरून भलतेच दिवे लागतात. उलटं तर जाताच येत नाही. चार-पाच फूट मागे गेलं की मागच्या गाडीची पुढची चाकं वाटेल तशी वळतात आणि दोन गाड्यांची घडी पडते. पेट्रोलपंपावर चुकीच्या रांगेत शिरलात तर उतरा, पिना काढा, गाड्या वेगळ्या करा, मागच्यांच्या शिव्या खा, पुन्हा जोडा. आणि मागच्या गाडीचं इंजिन बंद असल्याने तिच्या ब्रेकला बूस्टरची मदत नसते. म्हणून ड्रायव्हरच्या जागी पेडल दाबणारं एक यंत्र बसवतात, आणि जोडणी तुटली तर मागची गाडी आपली आपण थांबावी म्हणून एक ताणाची तारही.

विजेच्या गाड्यांनी हा सगळा खटाटोप मोडीत काढायला घेतलाय. चाकं फिरली की मोटर जनित्र होते आणि नको तेव्हा वीज बनवू लागते, म्हणून बहुतेक ईव्हींच्या पुस्तिका स्पष्ट सांगतात : ट्रेलरवरच न्या. गिअर आणि हँडब्रेकसुद्धा आता बटणावर आलेत. गाडीला वाटलं की आपण आपोआप ‘पार्क’मध्ये जावं, की ती जाते.

उरली डॉली. फिटची पुढची चाकं वर, मागची नुसती फिरणारी, म्हणजे गिअरबॉक्स सुरक्षित. डॉलीचं वजन 750 पौंड, साधारण 340 किलो. 1,150 अधिक 340 म्हणजे 1,490. मर्यादा 1,588. उरले 98 किलो. भाचा म्हणाला, “बसतंय की!” मी विचारलं, जॅझमध्ये सामान काय भरलंयस? पुस्तकांची सहा खोकी, मिक्सर, दोन कुकर, आजीची पितळी परात आणि डंबेल्स. शिवाय जीपच्या आतही सामान होतं, आणि दोन्ही मिळून एकूण वजनाची आणखी एक मर्यादा असते. ती कुणी बघतच नाही.

कायद्याचं थोडक्यात. ब्रिटनमध्ये त्रिकोणी दांडीने ओढलेली मोटार कायद्याच्या नजरेत ट्रेलर असते, आणि 750 किलोंच्या वर गेली तर तिचे ब्रेक चालू हवेत. तीच जोडी घेऊन स्पेनमध्ये गेलेल्या ब्रिटिश पर्यटकांना तिथले पोलीस दंड करतात. जर्मनीत ओढणं हे बंद पडलेल्या गाडीपुरतंच, तेही पुढच्या फाट्याला हायवे सोडून, नाहीतर खास परवाना काढा. कॅलिफोर्नियात मागे काहीही ओढणाऱ्याला ताशी 55 मैलांची मर्यादा आहे. आपल्याकडे 1989 च्या रस्त्यावरील वाहतुकीच्या नियमांत (2017 मध्ये त्यांची जागा नव्या विनियमांनी घेतली) बिघडलेली किंवा अर्धवट जुळवलेली मोटार सोडून दुसरी ओढायची मुभाच मुळात नव्हती. ओढायची तर मागच्या स्टिअरिंगवर परवानाधारक हवा होता, दोन गाड्यांत अंतर पाच मीटरच्या आत, आणि वेग ताशी 24 किलोमीटर. नुसत्या हिशेबापुरतं, 701 किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाला असं निघालो, तर एकोणतीस तास लागतील.

मागच्या गाडीतही ड्रायव्हर हवा, ही आपल्या नियमातली अट भाच्याला विनोदी वाटली. मला मात्र तिथेच सगळ्या प्रश्नाची किल्ली दिसली. लांबवर गाडी ओढण्यात नक्की वाचतं काय? बहुतेकांना वाटतं, पेट्रोल. कागद घेऊन मांडलं. अंतर 4,670 किलोमीटर. जीप एकटी लिटरला आठ किलोमीटर देते, मागे ओझं असताना साडेपाच धरूया. म्हणजे ओढण्यापायी जास्तीचं पेट्रोल 265 लिटर. जॅझ स्वतः चालत गेली, तर लिटरला पंधराने 311 लिटर. साडेचार हजार किलोमीटरांत बचत सेहेचाळीस लिटरांची. आकडे अंदाजी आहेत, वारा समोरून असेल तर तेवढंही वाचत नाही. वर डॉलीचं एकतर्फी भाडं, जीपला जोडणी आणि वायरिंगचा खर्च, आणि ओझ्यासह हळू जायचं म्हणून प्रवासाचा एक दिवस जास्त, म्हणजे मोटेलची एक रात्र जास्त.

वाचतो तो फक्त एक ड्रायव्हर. ज्याच्याकडे दुसरा ड्रायव्हर आहे त्याने गाडी ओढू नये, आणि ज्याच्याकडे नाही त्याने ड्रायव्हर परवडतो का हे आधी बघावं. माझं मत एवढं रोखठोक झालंय. मोटरहोमवाल्यांची गोष्ट निराळी. त्यांना रोज मुक्कामावर छोटी गाडी लागते, वर्षभर लागते, जोडणीचा खर्च दहा वर्षांत फिटतो. ऑस्ट्रेलियात नलारबोरच्या मैदानात 146 किलोमीटर सरळ रेषेत जाणाऱ्या रस्त्यावर लँड क्रूझरमागे ट्रेलर घेऊन जाणाऱ्याचीही निराळी. तिथे मधे गॅरेज नाही, घाट नाही, आणि गाडी त्यासाठीच घेतलेली आहे. आयुष्यात एकदा घर हलवणाऱ्याला यातलं काहीच लागू नाही.

आपल्याकडे हा प्रश्न पडतच नाही, कारण ड्रायव्हर मिळतो. पुण्याहून बंगळूरला बदली झाली की ओळखीतला कुणीतरी गाडी पोचवून बसने परत येतो, नाहीतर गाडी कंटेनरमध्ये जाते. आणि ओढूनच न्यायची तर आपल्याकडचं सगळ्यात शहाणं टोचन रेल्वेचं आहे. कोकण रेल्वे 1999 पासून कोलाडहून ट्रकच्या ट्रक वाघिणींवर चढवून नेते. 2025 च्या गणपतीत तिने कोलाड ते गोव्यातलं वेर्णा अशी मोटारींसाठीही तशी गाडी सुरू केली. एका खेपेला चाळीस मोटारी, तेव्हा एका मोटारीला 7,875 रुपये, माणसं त्याच गाडीच्या डब्यात. पहिल्या हंगामात प्रतिसाद थंडच होता. लोकांना आपली गाडी आपणच चालवत, खड्डे मोजत, माणगावच्या कोंडीत अडकून कोकणात जायचं असतं, त्याला रेल्वे तरी काय करणार? पण यंत्राच्या बाजूने पाहिलं तर यात वर लिहिलेली एकही भानगड नाही. तेल नाही, उलाळ नाही, ब्रेक नाही, घडी नाही.

भाच्याने शेवटी जॅझ आठ-नऊ मोटारी एकावर एक रचून नेणाऱ्या ट्रकवर चढवली आणि स्वतः जीप घेऊन निघाला. डेन्व्हरच्या पुढे बोगद्याकडे चढताना त्याने फोन केला. जीप एकटी होती, तरी तिसऱ्या गिअरमध्ये कण्हत होती. फिट त्याच्या चार दिवस नंतर पोचली, पितळी परातीसकट. मला तो पहिला फोन करायच्या आधीच त्याने हौसेने जीपला मागे जोडणी बसवून घेतली होती. तिच्यात आता सायकलींचा रॅक असतो. दोन सायकली, वजन चाळीस किलो.